निकष आधी की उमेदवार?

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळच्या फेऱ्या आटोपून ठरावीक कठड्यावर टेकणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत दर चार वर्षांनी अमेरिकेची निवडणूक हटकून येते. यांपैकी कोणालाही तेथे मताचा अधिकार नाही; मुले आणि नातवंडे मात्र न्यू जर्सीत किंवा टेक्सासात आहेत. आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात, त्यामुळे या पदाच्या उमेदवारावर घरोघरी वाद घालण्याची हौस आपल्याला दुसऱ्याच्या देशावर भागवून घ्यावी लागते, असे मी त्यांना गमतीने म्हणतो.

या कठड्यावरच्या दोघांचा वाद मी 2016 पासून ऐकत आलो आहे. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ तेव्हा हिलरी क्लिंटन यांच्या बाजूचे होते आणि त्यांचा सगळा भर अनुभवावर होता: आठ वर्षे सिनेटमध्ये, चार वर्षे परराष्ट्रमंत्री, आणखी काय हवे? वागळे इस्टेटमध्ये छोटा कारखाना चालवलेले दुसरे गृहस्थ म्हणत, की अनुभव म्हणजे जुन्याच खोडी, बाहेरचा माणूस आला पाहिजे. डोनाल्ड ट्रम्प यांच्यापूर्वी कोणतेही सरकारी पद किंवा लष्करी सेवा पाठीशी नसलेला एकही माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झालेला नव्हता, आणि हीच गोष्ट त्यांना गुण वाटत होती. 2024 मध्ये मात्र कारखानदार म्हणू लागले, की चार वर्षे ते पद सांभाळलेल्या माणसाला काय शिकवायचे, आणि बँकवाले म्हणू लागले, की अनुभवाचे काय घेऊन बसलात, चारित्र्य पाहा. दोघांचे उमेदवारांचे पक्ष होते तेच राहिले होते, निकषांची मात्र अदलाबदल झाली होती, आणि ती दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

याला लबाडी म्हणणे सोपे आहे, पण मानसशास्त्राला यात लबाडीपेक्षा अधिक रोचक काहीतरी दिसते. एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांपुढे पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन उमेदवार ठेवले होते. त्यांतील एक शिकलेला आणि दुसरा रस्त्यावरच्या कामात मुरलेला होता. काही गटांना पुरुष शिकलेला दाखवला, काहींना स्त्री. पुरुष शिकलेला असला की परीक्षकांना शिक्षण महत्त्वाचे वाटे, आणि शिक्षण स्त्रीकडे गेले की त्याच शिक्षणाचे वजन कमी होई. त्यांनी कोणाच्याही गुणांबद्दल खोटे सांगितले नव्हते. या पदाला कोणता गुण लागतो याची व्याख्याच त्यांनी नकळत आपल्या आवडत्या उमेदवाराच्या मापाने बेतली होती. ज्यांच्याकडून उमेदवार कोण हे कळण्याआधीच निकष ठरवून घेतले, त्यांच्या बाबतीत मात्र हा पक्षपात नाहीसा झाला. माझ्या मते या विषयावरच्या सगळ्या संशोधनात वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा निष्कर्ष हा आहे, कारण निवडणुकीत आपण नेमका याच्या उलट क्रमाने चालतो, म्हणजे आधी कळस आणि मग पाया.

चारित्र्याच्या बाबतीत ही घसरण आकड्यांत दिसते. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक कामात सचोटीने वागू शकतो का, असे 2011 मध्ये एका सर्वेक्षणात विचारले असता अमेरिकेतील श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला प्रमाण मानणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मतदारांपैकी 30 टक्के ‘हो’ म्हणाले होते. 2016 मध्ये ‘हो’ म्हणणारे 72 टक्के झाले. पाच वर्षांत नीतिशास्त्र बदलले नव्हते, उमेदवार बदलला होता. मुळात चारित्र्य पाहून पुढचे वागणे सांगता येते, हा विश्वासही विज्ञानाने पुरता मान्य केलेला नाही: मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1968 मध्ये दाखवून दिले, की स्वभावाच्या चाचणीतील गुण आणि एखाद्या विशिष्ट प्रसंगातील वर्तन यांच्यातील सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) साधारण 0.3 च्या पुढे क्वचितच जातो. शिवाय आपण ज्याला चारित्र्याची पारख म्हणतो, तिच्यात चेहऱ्याचा वाटा किती असतो हे मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव्ह यांच्या 2005 च्या प्रयोगात दिसले. त्यात अनोळखी उमेदवारांची छायाचित्रे क्षणभर पाहून ‘यांतला कर्तबगार कोण वाटतो’ एवढेच लोकांनी सांगितले, आणि सिनेटच्या दहांपैकी सुमारे सात लढतींत निवडून आलेला उमेदवार तोच निघाला.

अनुभवाबद्दल इतिहास पुरेसा बोलका आहे. जेम्स ब्यूकॅनन हे खासदार, सिनेटर, रशिया आणि ब्रिटनमधील राजदूत आणि परराष्ट्रमंत्री असे सगळे करून अध्यक्ष झाले, आणि इतिहासकारांच्या क्रमवारीत ते जवळजवळ तळाशी असतात. त्यांच्यानंतर आलेल्या अब्राहम लिंकन यांच्याकडे राष्ट्रीय पातळीवरील अनुभव म्हणून प्रतिनिधिगृहातील दोन वर्षांची एकच मुदत होती. दोन उदाहरणांवरून नियम बांधू नये हे खरे, पण अनुभव हे हुकमाचे पान नाही, एवढे यातून निश्चित कळते.

राहिली धोरणे. धोरण पाहूनच मत ठरवतो असे सांगणारा माणूस सर्वांत विवेकी वाटतो, पण वर उल्लेख केलेल्या कोहेन यांनीच 2003 मध्ये दाखवले होते, की गरिबांना मदत देण्याची एखादी योजना आपल्या पक्षाची आहे असे सांगितले, की ती उदार असो वा कडक, लोक तिला पाठिंबा देतात, आणि पक्षाच्या नावाचा आपल्यावर परिणाम झाल्याचे साफ नाकारतात. याहून सूक्ष्म प्रश्न असा, की ज्या धोरणासाठी आपण हमरीतुमरीवर येतो ते आपल्याला कितपत समजलेले असते. फिलिप फर्नबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लोकांना इराणवरचे निर्बंध, कररचना, आरोग्यविमा अशा धोरणांबद्दल ‘हे का योग्य’ असे न विचारता ‘हे टप्प्याटप्प्याने चालेल कसे’ असे विचारले. सांगता सांगता लोक अडखळले, विषय आपल्याला समजला आहे असा त्यांचा अंदाज खाली आला आणि त्यांची मतेही मवाळ झाली. पुढे इतरांनी हा प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला, तेव्हा समज कमी असल्याची कबुली पुन्हा मिळाली, मते मवाळ होणे मात्र आढळले नाही. विज्ञानात असे होतेच, आणि जुना निकाल सांगताना नवा लपवू नये.

हा ‘कसे’ चा प्रश्न मी गेल्या वर्षी तलावपाळीवर विचारून पाहिला. अमेरिकेने आयात शुल्क वाढवले की पैसे नेमके कोण भरतो, असे विचारताच कारखानदार क्षणभरही थांबले नाहीत. त्यांनी तीस वर्षे जपानहून बेअरिंग मागवली होती. “न्हावा शेवाला माल उतरला की कस्टम ड्युटी आम्हीच भरायचो हो, जपानी कंपनी कशाला भरेल?” असे म्हणून ते स्वतःच थबकले, कारण ती परदेशी कंपन्यांकडून वसूल होणार असे ते महिनाभर सांगत आले होते. बँकवाले हसले, म्हणून सर्वांना सरकारी आरोग्यविमा दिल्यावर रुग्णालयाचे बिल कोणत्या खात्यातून आणि कोणाच्या वर्गणीतून चुकते होईल, असे मी त्यांना विचारले. आयुष्यभर खाती तपासलेल्या त्या गृहस्थांना दुसऱ्या टप्प्यापुढे जाता येईना.

पुढच्या निवडणुकीत उमेदवारांची नावे जाहीर होण्याआधी दोघांनी आपापले निकष महत्त्वाच्या क्रमाने चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यावेत, असे ठरले आहे. कारखानदारांनी लगेच विचारले, की नंतर चिठ्ठी बदलता येईल ना.