डिस्क की डाउनलोड: गेमचा परवाना नेमका कुठे असतो?

डिस्क घेतली की कन्सोलमधली जागा वाचते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. प्लेस्टेशन ५ (पीएस ५) किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स डिस्कवरचा गेम आधी एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या आतल्या साठवणीवर, उतरवून घेतो आणि तिथूनच चालवतो. पहिल्या पीएस ५च्या ८२५ जीबीपैकी वापरायला साधारण ६६७ जीबी मिळतात. डिस्क असो वा डाउनलोड, ती सारखीच भरतात.

खरा फरक परवान्याचा. डाउनलोडचा परवाना अकाउंटला जोडलेला असतो. डिस्कच्या बाबतीत डिस्क हाच परवाना, म्हणून गेम एसएसडीवर असूनही खेळताना ती ड्राइव्हमध्ये लागते. म्हणूनच ती विकता येते, मित्राला देता येते. अकाउंटवरचा गेम एकदा घेतला की सुटा विकता येत नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत हवे असतील तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असतानाच मागावे लागतात.

सगळ्यात जास्त गोंधळ निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलच्या गेमच्या डब्यांचा. साध्या कार्डात गेम असतो. 'गेम-की कार्डा'त गेम नसतो, फक्त किल्ली असते: गेम इंटरनेटवरून पूर्ण उतरवायचा, पहिल्यांदा सुरू करताना नेट हवं आणि पुढेही दरवेळी कार्ड आत हवं. हे कार्ड विकता मात्र येतं. तिसऱ्या प्रकारात डब्यात नुसता कोड छापलेला कागद मिळतो. तो वापरला की गेम अकाउंटवर जातो आणि हातात रिकामा डबा उरतो. डाउनलोडची कटकट आणि डब्याचा पसारा दोन्ही पदरात पडतात, तेव्हा हा प्रकार टाळलेलाच बरा. गेम-की कार्डाच्या डब्यावर पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह असतं. घेण्याआधी ते बघा.

डिस्क म्हणजे कायमची मालकी, हेही पूर्ण खरं नाही. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि डिस्कवालेही डाउनलोडवाल्यांइतकेच अडकले, कारण तो एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत होता. उलट जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या पीसी गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला, तर तो चालवायला दुकानाची गरज उरत नाही. टिकण्याच्या बाबतीत असं डाउनलोड कित्येक डिस्कना भारी पडतं.

डिजिटल घेणार असाल तर पीएस ५वर सेटिंग्ज, युजर्स अँड अकाउंट्स, अदर या वाटेने 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू आहे का पाहा. ते बंद असेल तर नेट गेल्यावर विकत घेतलेल्या गेमवरही कुलूप दिसू शकतं. एका अकाउंटसाठी ते एकाच पीएस ५वर चालू राहतं.

डिस्क घेणार असाल तर प्रदेश तपासा. डीएलसी, म्हणजे गेमसाठी वेगळं घ्यायचं जादा साहित्य, अकाउंटवरच येतं. डिस्क एका प्रदेशाची आणि अकाउंट दुसऱ्या प्रदेशाचं असेल तर पैसे भरूनही ते गेमला लागू होत नाही. पीएस ५ स्लिमचा सुटा ड्राइव्ह जोडतानाही एकदा इंटरनेट लागतं, आणि पीएस ५च्या पहिल्या, डिस्क ड्राइव्ह नसलेल्या डिजिटल एडिशनला तो बसतच नाही.

चित्रपटांत डिस्कची बाजू अधिक भक्कम. १०० जीबीच्या ४के ब्लू-रे डिस्कवरून डेटा सेकंदाला १०० मेगाबिटहून जास्त वेगाने येऊ शकतो. नेटफ्लिक्स ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं. अंधाऱ्या दृश्यांत आणि धुक्यात हा फरक लगेच जाणवतो.