जामीनदाराची सही नावापुरती नसते

‘जामीनदाराची सही नावापुरती, बँक आधी कर्जदाराचे घरदार विकते, मगच जामीनदाराकडे वळते’ हा समज जुना आहे, आणि मेहुण्याच्या कर्जाच्या कागदांवर सही करताना तो सोयीचाही वाटतो. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यामुळे हप्ते थकल्यावर बँक मुद्दल आणि व्याज थेट जामीनदाराकडेही मागू शकते. पडताळायचे असल्यास हमीपत्राची प्रत मागून त्यात ‘संयुक्तपणे व स्वतंत्रपणे’ अशा अर्थाचे शब्द शोधावेत, आणि पूर्वी कोणाला हमी दिली असेल तर स्वतःचा पत-अहवाल (क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरील कर्जांची नोंद) काढावा. ते कर्ज बहुधा तिथेही दिसते. भरलेली रक्कम कलम १४५ नुसार कर्जदाराकडून मागता येते, पण त्याने दिली नाही तर दावा जामीनदारालाच लावावा लागतो.