दरवर्षी टाकलेला मुरूम जातो कुठं?

वाळवा तालुक्यात आमचं रान आहे. डांबरी सोडली की वस्तीपर्यंत ६०० फुटांची वाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि खाली कृष्णाकाठची काळी माती. दरवर्षी ऊसतोड सुरू व्हायच्या आधी चार-पाच ट्रॉल्या मुरूम टाकायचा, हंगाम संपेपर्यंत वाट कशीबशी टिकायची आणि जुलैत पुन्हा चिखलच चिखल. गावात म्हणतात जमीन मुरूम खाते. मागच्या मार्चमध्ये वाटेवर आडवा चर मारून बघितला, तर सात-आठ इंच खाली जुना मुरूम सापडला, काळ्या मातीत थालीपिठातल्या कांद्यासारखा विखुरलेला. म्हणजे खाते हे खरंच आहे, पण कशी खाते ते कळलं तर पैसा योग्य जागी घालता येतो.

आपली काळी माती म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ झिजून झालेली माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची, एकावर एक रचलेल्या, आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. शुद्ध स्वरूपातल्या एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे उलगडले तर ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग होतो, म्हणजे सात गुंठ्यांच्या आसपास. चिमूटभर मातीत सात गुंठे! एवढ्या जागेला पाणी चिकटलं की माती फुगणार, आणि मे महिन्यात ते गेलं की आकसून कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडणार. कोरडी असताना हीच माती टिकावाला दाद देत नाही आणि भिजली की लोण्यासारखी दबते.

आता त्या लोण्यावर मुरूम टाकून वरून भरलेली ट्रॉली नेली की दोन गोष्टी एकदम होतात, खडे खाली रुततात आणि पातळ चिखल खड्यांच्या फटींतून वर येतो. दर चाकाला थोडं थोडं, पण हंगामभर. त्यात भाराचा हिशोब साधा नसतो. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत मोठी रस्ता चाचणी झाली, त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की पक्क्या रस्त्यावर एक्सलचा भार दुप्पट झाला तर नुकसान साधारण १६ पट होतं. वर्षभर मोटरसायकली जाऊन जे होत नाही ते उसाच्या चार खेपा करतात ते यामुळं.

मग पहिला रुपया कुठं घालायचा? माझं स्पष्ट मत आहे, चारीत. रस्त्याच्या टेंडरात डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम, म्हणजे पाणी मारून दाबलेल्या खडीचा थर) लिहितात ना, त्यातला एम म्हणजे मॅकॅडम. जॉन मॅकॅडम हा स्कॉटिश माणूस १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला आणि त्याचं म्हणणं हेच होतं की भार शेवटी खालची जमीनच उचलते, तिला कोरडी ठेवा, वरचा दगड म्हणजे तिचं छप्पर. म्हणून जेसीबी आला की आधी दोन्ही बाजूंना चारी काढून घ्या, पाणी ओढ्यापर्यंत जाईल असा उतार ठेवा, आणि पाटाचं पाणी वाट ओलांडत असेल तिथं सिमेंटचा पाईप टाका. वाट मधे उंच हवी. १० फूट रुंदीला मध्यभाग कडांपेक्षा ६ सेंटीमीटर वर, म्हणजे साधारण अडीच इंच. दोरी ताणून मोजा, नजरेवर सोडू नका.

दुसरा खर्च काळी माती आणि मुरूम वेगळे ठेवण्याचा. जिओटेक्स्टाइल नावाचं फेल्टसारखं जाड कापड मिळतं, त्यातून पाणी जातं पण चिखल सहसा वर येत नाही. सगळ्या वाटेला परवडत नसेल तर जिथं दरवर्षी ट्रॉली रुतते तेवढ्याच पट्ट्याला घाला, मी मुरूम कमी करून कापड घेईन. नाहीतर खाली डबर रचून फटी बारीक दगडानं नीट भरून घ्या, फटी मोकळ्या ठेवल्या की चिखल त्यातूनच वर येतो.

जाडीचा हिशोब असा. टायरचा ठसा फूटभर रुंद धरला तर ६ इंच थरातून खाली जाताना भार साधारण दोन फुटांवर पसरतो, म्हणजे चौपट जागा आणि दाब पाव. ९ इंचांत जागा सहापटीच्या वर जाते. आता ६०० फूट लांब, १० फूट रुंद आणि ६ इंच म्हणजे दबलेला ३० ब्रास मुरूम (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), सैल मोजला तर ३७-३८ ब्रास. एवढे पैसे नसतील तर सगळीकडं तीन-तीन इंच पसरू नका हो, ते पैसे चिखलातच जाणार. सगळ्यात वाईट २०० फूट घ्या आणि ९ इंच भक्कम करा, सैल १९ ब्रासमध्ये होतं, उरलेलं पुढच्या वर्षी.

दाबण्यात पाण्याचं गणित आहे. फार कोरडा मुरूम एकमेकांवर घासून अडतो, फार ओला झाला तर फटीत पाणीच बसतं, मधे एक नेमका ओलावा असतो ज्याला सगळ्यात घट्ट बसतो. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९३३ मध्ये हे मांडलं. शेतावर परीक्षा सोपी, मूठभर मुरूम दाबून गोळा करा, गोळा टिकला पाहिजे, हाताला चिखल लागता कामा नये, आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटला पाहिजे. चार-चार इंचांचे थर करा आणि रोलर फिरवा. रोलर परवडत नसेल तर भरलेली ट्रॉली, पण दर खेपेला चाकोरी बदलून.

एखादा पट्टा कायमच पाणथळ असेल तर तिथं चुना. चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांना एकत्र बांधतं आणि माती फुगायची कमी होते. ५० फुटांच्या पट्ट्यात ६ इंच खोल मातीला वजनाच्या ४ टक्के धरला तर सव्वाचारशे किलो विरलेला चुना लागतो, २५ किलोच्या १७ पिशव्या. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नका, डोळा जाऊ शकतो.

काम झालं की पहिल्या वळवाला छत्री घेऊन वाटेवर जाऊन उभं राहा आणि पाणी जिथं थांबतंय तिथं खुंटी मारा. आमच्याकडं तीन खुंट्या लागल्या, तिन्ही पाईपच्या अलीकडं, तिथं चारीत उसाचं पाचट अडकलं होतं. ते काढल्यावर अर्ध्या तासात वाट निथळली.