तडकलेल्या प्लॅस्टिक वस्तूंची दुरुस्ती

तडा गेलेली, चीर पडलेली किंवा कडेचा टवका उडालेली प्लॅस्टिकची वस्तू टाकून न देता सांधून पुन्हा वापरात आणण्याची पद्धत. बादल्या, टब, कपड्यांच्या टोपल्या, साठवणीचे डबे, झाकणे, खेळणी, रिमोटची आवरणे अशा वस्तू सहसा दुरुस्तीला येतात. सांधा टिकणार की नाही, हे डिंक किती महाग आहे यापेक्षा दोन गोष्टींवर ठरते : वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे आणि तिला तडा का गेला. बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचे मूळ याच दोन प्रश्नांच्या उत्तरांत सापडते.

प्लॅस्टिक ओळखणे : थर्मोप्लॅस्टिक तापवले की मऊ होते आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होते. थर्मोसेट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, फार तापवल्यास करपते. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले बॅकेलाइट आणि ताटवाट्यांचे मेलामाइन ही थर्मोसेटची उदाहरणे. ती फक्त चिकटवता येतात. घरातल्या बाकीच्या बहुतेक वस्तू थर्मोप्लॅस्टिकच्या असतात.

वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असेल तर काम सोपे होते. हे क्रमांक अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये पुनर्वापराच्या वर्गवारीसाठी आणले; दुरुस्ती करणाऱ्यांची सोय ओघाने झाली. २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिथिलीन, ३ पीव्हीसी, ४ कमी घनतेचे पॉलिथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे ‘इतर’, आणि त्यात एबीएस या रिमोटच्या आवरणांच्या कडक प्लॅस्टिकपासून पॉलिकार्बोनेट या काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकपर्यंत काहीही असू शकते. आकडा नसेल तर वस्तूचा छोटा कपचा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. एबीएस, भरीव पॉलिस्टायरीन आणि पीव्हीसी तळाशी जातात. साबण यासाठी, की कपच्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे फसवू नयेत. कपचा जाळून धुराच्या वासावरून प्लॅस्टिक ओळखण्याची रीतही जुनी आहे, पण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो, म्हणून ती घरात करू नये.

तडा का जातो : आपटल्याने गेलेला तडा दुरुस्तीला सर्वांत सोपा, कारण आजूबाजूचे प्लॅस्टिक शाबूत असते. कडीच्या मुळाशी किंवा आतल्या काटकोनी कोपऱ्यात गेलेला तडा वस्तूच्या घडणीतला दोष दाखवतो. तिथे नुसते सांधून भागत नाही, आतून ठिगळ द्यावे लागते. पॉलिथिलीनवर सततचा ताण असेल आणि त्याच जागी साबणाचे तीव्र द्रावण लागत राहिले, तर एरवी पेलवला असता तेवढ्या ताणानेही चीर पडते. उन्हाने खाल्लेली वस्तू मात्र वेगळ्या वर्गात मोडते. अतिनील किरणांमुळे रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, रंग उडतो आणि पृष्ठभागावर नख ओढले की पांढरी भुकटी निघते. कड जरा वाकवताच ती वाळलेल्या काटकीसारखी कट्कन मोडत असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. सांधा धरेल, पण शेजारी नवा तडा जाईल.

तडा थांबवणे : सांधण्याआधी तडा पुढे जाणार नाही याची सोय करावी लागते. चिरेचे टोक जितके अणकुचीदार तितका तिथे ताण एकवटतो. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये याचे गणित मांडले. म्हणून चिरेच्या टोकाला दोनतीन मिलिमीटरचे गोल भोक पाडतात. खरे टोक डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे असते. बाजूने उजेड धरून वस्तू किंचित वाकवली की ते चमकते. भोक मागे पडले तर चीर त्याला वळसा न घालता सरळ पुढे निघते आणि मेहनत वाया जाते.

चिकटवणे : सुपरग्लू म्हणून विकले जाणारे सायनोअ‍ॅक्रिलेट हॅरी कूवर यांच्या चमूला १९४२ मध्ये बंदुकीच्या दर्शिकांसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना सापडले. प्रत्येक गोष्टीला चिकटते म्हणून तेव्हा ते बाजूला ठेवण्यात आले. डिंक म्हणून ते १९५८ मध्ये बाजारात आले. पृष्ठभागावरच्या ओलाव्याने ते घट्ट होते. एबीएस, पॉलिस्टायरीन आणि कडक पीव्हीसीवर ते चांगले धरते, पण सांधा ठिसूळ राहतो. टवका उडालेल्या जागी खाण्याचा सोडा भरून त्यावर थेंब टाकला की क्षणात दगडासारखा कठीण भराव होतो. सुती कापडावर मात्र हा डिंक सांडू देऊ नये. ते इतके तापते की त्वचा भाजते.

पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनवर हाच डिंक पापुद्र्यासारखा सुटून येतो. त्यांची पृष्ठऊर्जा फार कमी असल्याने डिंक पसरून भिनत नाही. या डिंकाच्या बाटल्या बहुधा पॉलिथिलीनच्याच असतात, यावरून काय ते समजावे. पॉलिश पेपरने घासून आणि खास प्रायमर लावून थोडा फरक पडतो. पाणी भरायच्या बादलीला तेवढा पुरत नाही.

एबीएससाठी द्रावकाचा सांधा उत्तम. त्याच प्लॅस्टिकचा कीस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी चिरेत भरली की दोन्ही कडा मऊ होऊन एकजीव होतात. पॉलिकार्बोनेटला अ‍ॅसिटोन लावू नये, त्यावर जाळीदार चिरा उमटतात.

वितळवून सांधणे : बादल्या आणि टोपल्यांना हाच खरा उपाय. चिरेच्या कडा तासून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करतात आणि गरम हवेने किंवा सोल्डरिंगच्या टोकाने तिच्यात त्याच प्लॅस्टिकची पट्टी वितळवून भरतात. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी पॉलिथिलीनमध्ये मिसळत नाही, म्हणून पट्टी जुळत्या वस्तूतूनच कापावी. नवशिक्या माणूस नुसती पट्टी वितळवून थंड कडांवर ओततो. ती नंतर अखंड सोलून निघते. मूळ वस्तूच्या दोन्ही कडा आधी चकाकू लागल्या पाहिजेत. जास्त घनतेचे पॉलिथिलीन सुमारे १३० अंश सेल्सिअसला आणि पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंशांना वितळते. सोल्डरिंगचे टोक याच्या दुपटीने तापते, म्हणून ते एका जागी टेकवून ठेवू नये. तपकिरी रंग आणि धूर दिसला की तेवढा भाग वाया गेला. ताण येणाऱ्या ठिकाणी आतल्या बाजूने बारीक पोलादी जाळी रुतवतात. पीव्हीसीवर हे काम करू नये.

टोपलीसारख्या वस्तूला चिरेच्या दोन्ही बाजूंनी भोके पाडून तारेने किंवा केबल टायने घातलेले टाकेही पुरतात. दिसायला ओबडधोबड, पण अनेकदा डिंकापेक्षा जास्त टिकतात.

मर्यादा : हेल्मेट, शिडी, मुलांची गाडीतली खुर्ची, दाबाखालच्या टाक्या आणि विजेचा प्रवाह असलेल्या भागांवरची आवरणे सांधून वापरू नयेत. गरम अन्नाच्या भांड्यात डिंक किंवा एपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा भराव) नको.

मार्टिन पोस्टमा यांनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरवले. तिथून नागरिकांनी एकत्र बसून वस्तू दुरुस्त करण्याची प्रथा अनेक देशांत पसरली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला, पण त्याचा भर धुलाई यंत्रे, फोन अशा उपकरणांवर आहे; बादली-टोपली त्यात नाही. त्याच प्लॅस्टिकने वितळवून सांधलेली वस्तू शेवटी भंगारात गेली तरी तिचा पुनर्वापर होऊ शकतो. एपॉक्सी भरलेल्या किंवा जाळी रुतवलेल्या वस्तूतून मात्र तेवढा भाग आधी कापून काढावा लागतो.