आधी फेऱ्या मोजा, मग पाना उचला

जुन्या सायकलीतला आवाज नेमका कुठून येतोय, हे नुसत्या कानावर ठरवायला गेलं की हमखास चुकतं. फ्रेम म्हणजे पोलादाच्या पोकळ नळ्या. हँडलपाशी झालेली कुरकुर त्यातून सहज सीटखाली येऊन पोचते. त्यापेक्षा आवाज किती फेऱ्यांनी येतो ते मोजावं.

समजा पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राला) 18 आणि चेनला 112 कड्या आहेत. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक साधारण 2.4 वेळा फिरतं. फेरीला एकदाच ‘टक्’ होत असेल तर संशय क्रँक (पायडलचा दांडा), कॉटर (क्रँकला ॲक्सलवर पक्का धरणारी पाचर) किंवा पायडलवर. फेरीला दोन-अडीच वेळा घासल्यासारखं ऐकू आलं तर मागचं चाक: वाकडी रिम, सैल तार, मडगार्ड.

गंमत आहे ती अडीच फेऱ्यांनी एकदा येणाऱ्या आवाजाची. 112 भागिले 44, म्हणजे चेनला पूर्ण चक्कर मारायला साधारण अडीच फेऱ्या लागतात. तेव्हा एखादी कडी गंजून आखडली असणार. पण बीबीतला (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या ॲक्सलच्या बेअरिंगमधला) फुटका छर्राही जवळपास तेवढ्याच फेऱ्यांनी वाजतो, कारण छर्रे ॲक्सलच्या निम्म्याहून कमी वेगाने पुढे सरकतात. चेन उतरवून क्रँक हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर बीबी खोला, नाही तर चेन. आखडलेली कडी ओळखायला पायडल सावकाश उलटं फिरवायचं. फ्रीव्हीलवरून सुटताना ती सरळ होत नाही. तेलाचा थेंब सोडून ती आडवी हलवली की मोकळी होते.

पायडल थांबवल्यावरही आवाज चालू राहिला तर दोष चाकांत. उभं राहून पायडल मारताना तो थांबला तर सीटच्या स्प्रिंगा. रोडस्टर (जुन्या धाटणीच्या जड) सायकलींची निम्मी कुरकुर तिथलीच असते.

कॉटर हे कोकणातलं खास दुखणं. हवेतलं मीठ लोखंडावर बसतं आणि सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांपुढे गेली की स्वतःच पाणी ओढून घेतं. म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडे पडवीत कोरडी उभी असलेली सायकलही गंजत राहते. कॉटर झिजला की क्रँक ॲक्सलवर किंचित खेळतो. दोन्ही क्रँक आडवे धरून पायडलवर आलटून पालटून भार द्या, मग अर्धी फेरी फिरवून पुन्हा द्या. हिसका लगेच कळतो. बरेच जण नट आवळून मोकळे होतात. ते चूक, कारण नट कॉटरला फक्त जागेवर धरतो. तो आवळून कॉटर आत ओढायला गेलं की आटे जातात. क्रँकखाली जाड पाइपाचा टेकू जमिनीपर्यंत द्या, कॉटर हातोडीने ठोकून बसवा आणि मगच नट लावा. टेकू नसेल तर घाव छर्ऱ्यांवर बसतो, बीबीच्या वाटीत खड्डे पडतात आणि एक आवाज घालवताना दुसरा पदरात पडतो. सपाट बाजू दबून खाच पडलेला कॉटर ठोकत बसू नये, नवा घालावा.

पुळणीवरून (समुद्रकाठच्या वाळूवरून) सायकल नेली असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, मग तेल. तेलावर बसलेली वाळू चेनला कानशीसारखी खाते. चेनच्या 24 कड्या मोजा: नव्या चेनमध्ये त्या बरोबर 12 इंच भरतात. 12⅛ इंच भरल्या तर चेन बदला; बहुतेक वेळा फ्रीव्हीलही बदलावं लागतं.

उतारावर फ्रीव्हीलची टकटक नेहमीचीच, तिला हात लावू नका. ती मंदावली आणि अधूनमधून पायडल पोकळ जायला लागलं तर आतली कुत्री (दात्यांत अडकणारे छोटे खटके) जुन्या ग्रीसमध्ये चिकटलीत. चाक आडवं ठेवून फटीतून रॉकेल सोडा, फ्रीव्हील फिरवत राहा आणि खालून स्वच्छ गळेपर्यंत धुवा. वाळल्यावर शिलाई मशीनचं पातळ तेल चार थेंब पुरे. इथे ग्रीस नको आणि घरात हाताशी असलं तरी खोबरेलही नको: ते साधारण 24 अंशांखाली थिजतं आणि डिसेंबरातल्या सकाळी कुत्री पुन्हा जागच्या जागी अडकतात.