धातुशोधक आणि पुरलेल्या वस्तूंची ओळख (कोकण किनारपट्टी)

जमिनीत किंवा वाळूत दडलेली धातूची वस्तू न उकरता हुडकणारे उपकरण म्हणजे धातुशोधक. व्यवहारात त्याला मेटल डिटेक्टरच म्हणतात. सोने, चांदी, लोखंड यांची नावे या यंत्राला कळत नाहीत. वस्तूत विद्युतप्रवाह किती सहज फिरतो आणि ती चुंबकाला दाद देते का, एवढ्यावरच त्याचा अंदाज चालतो.

यंत्राच्या टोकाशी जमिनीवरून फिरवायची तबकडी असते. तिच्यातील तारेच्या एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणारा) प्रवाह सोडला की खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यामुळे धातूत आवर्त प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल प्रवाह, फिरू लागतात आणि त्यांचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. हा प्रतिसाद मूळ संकेताच्या किती मागे पडतो, त्या कलांतरावरून (दोन लहरींतल्या अंतरावरून) पडद्यावर आकडा उमटतो. तांब्याची शिवराई किंवा ब्रिटिश काळातला ११.६६ ग्रॅमचा चांदीचा रुपया यांत प्रवाह बराच वेळ टिकतो, म्हणून आकडा वरचा येतो. पातळ किंवा लहान वस्तूत तो लगेच विरतो. लोखंड स्वतः चुंबकित होत असल्याने त्याचा प्रतिसाद वेगळाच पडतो.

घोळ होतो तो आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात. सोन्याची नाजूक अंगठी, गोळ्यांच्या पाकिटाचा ॲल्युमिनियम कागद आणि मासेमारीच्या जाळ्यातले शिसे यांचे आकडे एकमेकांत मिसळतात; कागद टाळायचा म्हणून तो पट्टा बंद केला, म्हणजे त्या आकड्यांवर यंत्र गप्प राहील असे केले, की अंगठीही जाते. साखळीची गत आणखी वाईट. यंत्राला तिची प्रत्येक कडी सुटी दिसते, त्यामुळे वजनदार सोनसाखळीही निसटते आणि मंगळसूत्राचा पत्ता लागलाच तर बहुधा वाट्यांमुळे. १९९२ नंतरचा पोलादी रुपया लोखंडात गणला जातो, तर बाटलीचे चपटे झाकण पुष्कळदा नाण्याचा आव आणते. वस्तू खोल असेल किंवा नाणे कडेवर उभे असेल, तर आकड्यावर विसंबू नये.

कोकणात जमीनही स्वस्थ बसत नाही. जांभ्यात लोहाची ऑक्साइडे भरपूर, रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे, त्यात भरतीची वाळू खाऱ्या पाण्याने विद्युतवाहक झालेली. ओली वाळू लहान सोन्यासारखाच मंद प्रतिसाद देते. एकाच कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) यंत्राला खनिजे आणि मीठ ही दोन्ही एकदम वजा करता येत नाहीत. अनेक कंप्रतांच्या यंत्राला ते बऱ्यापैकी जमते. स्पंद (पल्स) पद्धतीचे यंत्र क्षणभर झटका देऊन थांबते आणि मिठाचा प्रतिसाद विरल्यावर ऐकते. ते खोलवर पोचते, मात्र लोखंड वेगळे काढण्यात कच्चे असते, आणि जांभ्यावर तेही कुरकुरते.

पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि जड वस्तू खालच्या थरावर उरतात. त्यामुळे वाळू पुन्हा भरण्याआधीचे दिवस शोधाला बरे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, जंजिरा ही मात्र संरक्षित स्मारके आहेत. तिथे परवानगीशिवाय खोदता येत नाही. इतरत्रही, १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार, जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ही मर्यादा आजच्या भावात इतकी खाली आहे की चांदीचा एकच रुपयाही ती सहज ओलांडतो.