मोबाइल ॲपमधील सीरियलायझेशन आणि पार्सिंग

ॲप चालू असते तेव्हा त्यातली माहिती फोनच्या मेमरीत ऑब्जेक्टच्या रूपात असते. ती सर्व्हरला पाठवायची किंवा फोनमध्येच साठवायची, तर तिला बाइटच्या एका सरळ माळेत ओवावे लागते. या ओवण्याला सीरियलायझेशन म्हणतात. आलेली माळ वाचून तिच्यातले घटक ओळखणे आणि त्यांतून पुन्हा ऑब्जेक्ट उभे करणे, याला कामाच्या बोलण्यात सरसकट पार्सिंग म्हणतात. बेळगावात मराठी बोलणारा प्रोग्रामर असो वा कन्नड, ‘पार्स होईना’ हे दोघांचेही गाऱ्हाणे एकाच शब्दात असते.

माळ कशी ओवायची याचे ठरलेले नियम म्हणजे फॉरमॅट. एक्सएमएल हे फॉरमॅट १९९८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस म्हणून आले. आज मोबाइलवर चालते ते मुख्यतः डग्लस क्रॉकफर्ड यांनी रूढ केलेले जेसन. त्याचे सध्याचे इंटरनेट-मानक, आरएफसी ८२५९, २०१७ चे आहे. गूगलने २००८ मध्ये खुले केलेले प्रोटोबफ बायनरी, म्हणजे अक्षरांऐवजी थेट बाइटच्या रूपातले, आहे. ते आटोपशीर असते, पण नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. जेसन वाचता येते, हेच त्याच्या यशाचे निम्मे कारण. त्यात स्ट्रिंग (मजकूर), संख्या, खरे-खोटे, नल (काहीच नाही), यादी आणि ऑब्जेक्ट एवढेच प्रकार आहेत. तारीख नाही, रुपया नाही आणि गुंठा तर नाहीच.

सीमाभागात गुंठ्याची ही उणीव लगेच अंगावर येते. समजा, निपाणीच्या एका शेतकऱ्याची थोडी जमीन गावाशेजारी आहे आणि थोडी पलीकडे कागल तालुक्यात. कर्नाटकाच्या पहाणीवर (तिथल्या जमिनीच्या उताऱ्यावर) क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये. दोन्हींवरून उतरवताना ‘२.३०’ असेच लिहिले जाते. शंभर आरांचा हेक्टर, म्हणून सातबाऱ्यावरचा आकडा दशांश समजून वाचला तरी बिघडत नाही. एकर मात्र चाळीस गुंठ्यांचा. पहाणीवरचे २.३० म्हणजे दोन एकर तीस गुंठे, अर्थात पावणेतीन एकर. ॲपने हे दशांश संख्या म्हणून घेतले की शेवटचे शून्य गळते, स्क्रीनवर २.३ उमटते आणि शेतकरी ते ‘दोन एकर तीन गुंठे’ असे वाचतो. सत्तावीस गुंठे गेले! पार्सरने यात काहीच चुकवलेले नसते. त्याच्या लेखी २.३० आणि २.३ एकच. एकर आणि गुंठे ही दोन वेगळी पूर्णांक फील्ड (माहितीचे रकाने) ठेवणे आणि एकक स्वतंत्र लिहिणे, एवढाच यावर उपाय.

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ हाही असाच. जेसनमधली संख्या शून्याने सुरू होऊन पुढे आणखी अंक घेऊ शकत नाही. कडक पार्सर सगळा मजकूरच नाकारतो, ढिला पार्सर शून्य गिळतो. कोड, पिन, सर्व्हे नंबर यांची कोणी बेरीज करत नाही. ते अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणूनच जावेत.

याहून छुपा घोटाळा आकड्यांच्या लिपीचा आहे. फोनची भाषा मराठी ठेवली की अँड्रॉइडवर स्ट्रिंग फॉरमॅट करणारे फंक्शन आकडे देवनागरीत काढते. भाषा कन्नड असेल तर आकडे इंग्रजीच राहतात, कारण सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-माहितीसंग्रहात मराठीचे रूढ आकडे देवनागरी धरले आहेत आणि कन्नडचे इंग्रजी. म्हणून एकाच टेबलावरच्या दोन फोनांपैकी कन्नड फोनवरून बेळगावचा अक्षांश नीट जातो आणि मराठी फोनवरून ‘१५.८५’ असा देवनागरीत गेल्याने सर्व्हर तो परत करतो. जेसनला संख्येत इंग्रजी अंकच चालतात. स्ट्रिंगचे तुकडे हाताने जोडून जेसन तयार करणाऱ्यालाच हे भोवते. ते काम लायब्ररीवर (तयार कोडसंचावर) सोपवावे, आणि हातानेच करायचे असेल तर तिथे भाषा-निरपेक्ष लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) द्यावे. गंमत अशी की अँड्रॉइडवरच्या जावा भाषेचे पूर्णांक वाचणारे फंक्शन देवनागरी अंकही निमूटपणे स्वीकारते, आयफोनवरच्या स्विफ्ट भाषेचे स्वीकारत नाही. त्यामुळे अँड्रॉइडवर लपलेली चूक आयफोनवर उघडी पडते.

अँड्रॉइडवर जीसन, मोशी आणि कोटलिन या भाषेची स्वतःची सीरियलायझेशन लायब्ररी वापरात आहेत. आयफोनसाठी २०१७ च्या स्विफ्ट ४ पासून त्याच कामाची कोडेबल ही सोय आहे. जीसन फील्डची नावे ॲप चालू असताना शोधते. ग्राहकाला द्यायच्या रिलीज बिल्डमध्ये आरएट हे साधन ती नावे आखडून टाकते, म्हणून ऑफिसात चाललेले ॲप ग्राहकाच्या फोनवर रिकाम्या याद्या दाखवते. शिवाय कोटलिनमध्ये ‘नल होणार नाही’ असे जाहीर केलेल्या फील्डमध्येही जीसन नल ठेवू शकते. नव्या कामाला ती घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नावांचा प्रश्न सीमाभागात वेगळाच. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणूस बेळगावच म्हणतो. देवनागरी ‘बेळगाव’ यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत १८ बाइटचे, कन्नड लिपीतले ‘बेळगावी’ २१ बाइटचे; पार्सरला दोन्ही सारखीच मान्य. पण जिल्हा नावावरून जुळवायला गेल्यास एकाच जिल्ह्याचे दोन होतात, म्हणून जुळवणीसाठी कोड आणि दाखवण्यासाठी नाव. ‘दऱ्या’मधला ऱ तर एकाच संकेतांकाने (युनिकोड क्रमांकाने) लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा दोन संकेतांकांनीही. दिसायला एकच, तुलनेत वेगळे. युनिकोड सामान्यीकरण (दोन्हींना एकच रूप देणे) करून घेतल्याशिवाय शोध लागत नाही. श्रीलिपी किंवा नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या याद्या त्याहून कठीण: त्या विनातक्रार पार्स होतात आणि स्क्रीनवर रोमन अक्षरांचा कचरा उमटतो.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली तरी काम थांबू नये म्हणून ॲप माहिती फोनमध्येच फाइलीत ठेवते. पुढच्या आवृत्तीत फील्ड बदलले की ही जुनी फाइल नव्या कोडला वाचावी लागते. म्हणून अनोळखी फील्ड सोडून द्यावे, गाळलेल्या फील्डला ठरीव किंमत द्यावी आणि फाइलीत आवृत्तीचा क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहावा. प्रोटोबफमध्ये फील्ड नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतात. तिथे काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक पुन्हा कधीच वापरत नाहीत.